तोपर्यंत

दिवस १

खुर्ची आधी आली, कुत्रा नंतर.

लहान मुलांची जेवायची उंच खुर्ची असते, तसलाच प्रकार. फक्त बसायची जागा चिंचोळी आणि पुढे आडवी फळी. कुत्र्याने ढुंगणावर बसायचं, पाठ मागे टेकायची, पुढचे पाय फळीवर ठेवायचे आणि माणसासारखं ताठ बसून जेवायचं. बेली नावाच्या एका कुत्र्यावरून तिला बेली चेअर म्हणतात, असं संस्थेच्या ताईंनी सांगितलं. कुत्र्याबरोबर एक कागद होता: वय अंदाजे २ वर्षं, आजार मेगाइसोफेगस, खाणं दिवसातून ४ वेळा, उभ्याने.

मला समजलं ते असं. आपण उलटे लटकून घोट गिळला तरी तो पोटातच जातो, कारण अन्ननलिका त्याला स्वतः पुढे ढकलत नेते. याची नलिका सैल पडली आहे, वापरून वापरून ताणलेल्या मोज्यासारखी. घास तिच्यातच साठून राहतो. त्याला खाली नेणारं एकच काय ते उरलंय, गुरुत्वाकर्षण.

३ आठवडे सांभाळायचं, कायमचं घर मिळेपर्यंत. आईला फोन केला तर ती म्हणाली, "नाव ठेवू नकोस. नाव ठेवलं की सुटत नाही." मी म्हटलं, संस्थेने आधीच ठेवलंय. संध्याकाळपासून मी त्याला टेकू म्हणतेय, हे नाही सांगितलं.

दिवस ४

उलटी वेगळी आणि हे वेगळं. उलटीची आधी चाहूल लागते. लाळ गळते, पोट आत-बाहेर होतं, आपल्याला निदान वर्तमानपत्र शोधायला वेळ मिळतो. इथे काहीच नाही. चालता चालता मान खाली जाते आणि अन्न जसं गेलं होतं तसंच परत येतं, नळीच्या आकाराचं. त्यालाही त्याचं काही वाटत नाही. उलट तो लगेच ते पुन्हा खायला धावतो, आणि मी फडकं घेऊन त्याच्या आधी पोचायला धावते.

आज ६ वेळा फरशी पुसली. वहीत रकाना आखलाय: वेळ, काय खाल्लं, किती वेळ बसला, परत आलं का.

दिवस ९

सगळे प्रयोग चालू आहेत. काही कुत्र्यांना पातळ मानवतं, काहींना घट्ट गोळे, आणि कुणाला काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. टेकूला अक्रोडाएवढे गोळे अजिबात चालले नाहीत. मिक्सरमधून काढलेलं सरबरीत अन्न चालतंय. नुसतं पाणी सगळ्यात वाईट. म्हणून पाण्यात जिलेटिन घालून त्याच्या वड्या पाडते आणि त्या खुर्चीत बसवूनच भरवते.

घरात कुत्रा आहे आणि पाण्याचं भांडं नाही. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "मुक्या जिवाला पाणी तरी ठेव गं." सगळं समजावून सांगितलं. मान डोलावली त्यांनी, पण पटलं नसावं. मलाही ते भांडं उचलताना पटलं नव्हतं.

दिवस १२

जेवण ४ मिनिटांत संपतं. त्यानंतर २० मिनिटं तसंच बसवून ठेवायचं, अन्न खाली उतरेपर्यंत. दिवसाला ८० मिनिटं. या ८० मिनिटांबद्दल लोक फार हळवं लिहितात. खरं सांगू का, कंटाळा येतो. तो माझ्या तोंडाकडे बघतो, मी घड्याळाकडे. १५ व्या मिनिटाला हनुवटी फळीवर टेकवून डुलक्या काढतो. मग त्याचा गळा वरून खाली हळूहळू चोळत बसते. त्याने उपयोग होतो की नाही देव जाणे, पण हातांना काम मिळतं.

दिवस १७

काल दुपारी १२ व्या मिनिटाला ऑफिसचा फोन आला. मी त्याला खाली उतरवलं आणि बोलत बोलत दुसऱ्या खोलीत गेले. संपलं. एवढंच केलं मी.

रात्री तो झोपेत खाकरला, घशात काहीतरी खळखळल्यासारखं वाजलं. आज दिवसभर गप्प. मिक्सर लावला तरी उठून आला नाही. झोपल्यावर श्वास मोजले. छाती एकदा वर, एकदा खाली, मिळून एक. मिनिटाला ३० च्या आत हवेत, भरले ४४. ताप मोजला तर ४०. निरोगी कुत्र्याचा साधारण ३९ च्या आसपास असतो.

वर आलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाला न्यूमोनिया होतो. या कुत्र्यांचा जीव जातो तो बहुतेकदा याच्यानेच. एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या खालच्या बाजूला धुकं दिसत होतं. डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा मी उगाच मान डोलावत राहिले.

ऑक्सिजनवर ठेवायचं ठरलं. समोर फॉर्म आला. 'मालकाचे नाव' या जागी मी काहीच लिहिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "रात्रीत तब्येत बिघडली तर कुठपर्यंत जायचं, हे कोण सांगणार? तुम्ही?" मी म्हटलं, मी फक्त तात्पुरती आहे. संस्थेला फोन लावला. ताईंनी ७ मिनिटांनी परत केला आणि म्हणाल्या, लागेल ते सगळं करा. कुणाचंच काही चुकलं नाही. पण त्या ७ मिनिटांत काचेपलीकडे तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्याबद्दल हो की नाही म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.

दिवस २१

घरी आला. अँटिबायोटिक, सलाइनची वाफ, आणि वाफेनंतर छातीच्या दोन्ही बाजूंनी थोपटणं. तळहाताची ओंजळीसारखी वाटी करायची, म्हणजे आवाज पोकळ येतो आणि आतला चिकटा सुटतो. बाळाला झोपवताना थोपटतात तसंच, पण जरा जोरात. तो खोकला की मला बरं वाटतं, कारण खोकला हवाच आहे.

३ आठवडे आज पूर्ण झाले. संस्थेने विचारलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

दिवस ३०

मायस्थेनिया ग्रेव्हिसची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. या आजारात शरीर स्वतःच्याच स्नायूंपर्यंत निरोप पोचू देत नाही आणि अन्ननलिका ढिली पडते. तो निघाला असता तर त्याला औषध होतं, शिवाय काही कुत्र्यांत तो आपोआप मागेही हटतो. म्हणजे गेला आठवडाभर मी, टेकूला तो आजार असू दे, म्हणून मनात घोकत होते. अहवाल 'चांगला' आला आणि माझा चेहरा पडला. कारण सापडलं नाही, असं बऱ्याच जणांत होतं म्हणे.

डॉक्टरांनी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, सुरू करून बघू म्हटलं. अन्ननलिका पोटाला मिळते तिथलं तोंड त्याने सैल होतं, काही कुत्र्यांना फरक पडतो. औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. "कुत्र्यासाठी आहे," मी म्हटलं. त्याने चेहरा आणखीच गंभीर केला.

दिवस ३६

परत आलं: ० वेळा. नुसती नोंद.

दिवस ४१

एक जोडपं टेकूला बघायला आलं. मी ४ पानांचा कागद तयार ठेवला होता, वर मोठ्या अक्षरात 'पुढच्या माणसासाठी'. दोघांनी तो शेवटपर्यंत वाचला, जे सहसा कुणी करत नाही. झोपताना मान उंचावर राहावी म्हणून गळ्यात घालायची गोल उशी हातात घेऊन पाहिली. नेमके प्रश्न विचारले. मग एकमेकांकडे बघितलं आणि ती म्हणाली, "आम्हाला नाही जमणार हो. उगाच हो म्हणायचं आणि मग परत आणून सोडायचं, ते नको."

ते गेल्यावर तासभर मी संतापून होते. कुत्रा हवा, पण आजार नको, वगैरे. मग तो कागद पुन्हा वाचला.

तिसऱ्या पानावर ११ 'चुकूनही करू नका' होते. त्यातले ५ डॉक्टरांचे, उरलेले माझ्या भीतीचे. आणि मिक्सरचा आवाज ऐकला की हा स्वतःच जाऊन खुर्चीत चढतो, ते कुठेच नव्हतं. उशी गळ्यात घालून घरभर मिरवतो, तेही नव्हतं. वजन दीड किलोने वाढलं, तेसुद्धा नाही. कुणी हो म्हणूच नये अशा बेताने तो कागद लिहिला होता मी. त्या बिचाऱ्यांना वाचायला देऊन वर त्यांच्यावरच चिडले.

दिवस ४४

कागद नव्याने लिहिला. आता दोनच पानं. सगळं खरं लिहिलं, कंटाळासुद्धा. संस्थेच्या ताईंना पाठवला. त्यांचा फोन आला, "हा छान झालाय. बाकीच्यांना पाठवू ना?"

मी म्हटलं, "थांबा जरा."

"किती थांबू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांना ते कळलं असावं, कारण त्या हसल्या.

दिवस ५२

भावनेच्या भरात करायचं नाही म्हणून हिशेब मांडून बसले. महिन्याची औषधं, एक्स-रे, अचानक भरती करावं लागलं तर बाजूला ठेवायची रक्कम. सुट्ट्यांचं गणित. डॉक्टरांना सरळ विचारलं, किती जगेल? तेही सरळ बोलले. काही कुत्री वर्षानुवर्षं छान राहतात, काही एका न्यूमोनियात जातात, हा कुठल्या बाजूचा ते मी सांगू शकत नाही. मला हे उत्तर आवडलं नाही, पण माणूस आवडला.

हिशेब काही जुळला नाही. दोनदा मांडला.

दिवस ५३

दत्तकाचा फॉर्म भरला. टेकूच्या एका जेवणाहून कमी वेळ लागला. दवाखान्यात जाऊन त्यांच्या फाइलमधली ती रिकामी जागाही भरून आले. बाकी तीच खुर्ची, तोच मिक्सर, तेच फडकं. आईला सांगितलं तर म्हणाली, "पहिल्या दिवशीच नाव ठेवलं होतंस ना?"

दिवस ७३

दोन रात्रींसाठी बाहेर जावं लागतंय. भाऊ राहायला आलाय. त्याच्या हातात तो दोन पानी कागद दिला. वरची ओळ वाचून त्याने विचारलं, "पुढचा माणूस म्हणजे मी का?"

"रविवारपर्यंत."

गाडीत बसले आणि पाऊण तासात त्याचा फोन. पाठीमागे टेकूच्या पायाची नखं फळीवर वाजत होती.

"अगं, १९ मिनिटं झाली. अगदी केविलवाणा बघतोय. सोडू का?"

"अजून एक मिनिट," मी म्हटलं. "फोन ठेवू नकोस."