गड्ड्यातला फुगा आणि हैदराबादचा फुगा

सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरीला गॅसचा फुगा घेऊन दिला आणि पाळण्याच्या लाईनीत जाईपर्यंत तिनं सोडला पण. रडणं राहिलं बाजूला, "पप्पा, तो कुठपर्यंत जाणार?" म्हणलं, वर जाऊन फुटेल. का फुटेल ते मात्र घरी येऊन बघावं लागलं, त्यात रात्रीचे दोन वाजले.

तर वर हवा विरळ, आतला गॅस पसरत जातो आणि आपला फुगा आधीच टम्म, मग फुटणारच की. मोठे फुगे म्हणूनच सोडताना अर्धेसुद्धा भरत नाहीत, खाली नुसती लोंबती पिशवी दिसते, वीस-तीस किलोमीटरवर गेली की गरगरीत होते. प्लास्टिक दुधाच्या पिशवीपेक्षा पातळ!

२०२३ मध्ये अमेरिकेनं चिनी फुगा क्षेपणास्त्र मारून समुद्रावर पाडला, चीन म्हणालं हवामानाचा होता, वाट चुकला. तेव्हा लई हसलो होतो, पण फुग्याला खरंच स्टिअरिंग नसतं ओ. गूगलवाल्यांच्या लून प्रकल्पात फुग्यांवरनं इंटरनेट द्यायचे, तिथली आयडिया अशी की वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळ्या दिशेला वाहतो, मग फुगा जरा वर-खाली करायचा आणि पाहिजे तो वारा धरायचा, स्टँडवर आपल्या गावाची एसटी धरतो तसं. २०२० ला केनियात सर्व्हिस चालू केली, २०२१ ला खर्च निघेना म्हणून गुंडाळलं. उपग्रह शेकडो किलोमीटरवरनं झपकन निघून जातो, फुगा वीसवर रेंगाळतो, टेहळणीला तेच पाहिजे. आपल्या लष्करासाठी संशोधन करणाऱ्या डीआरडीओनं पण मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून १७ किलोमीटरवर एअरशिप, म्हणजे फुग्यासारखंच तरंगणारं यान, नेऊन बघितलं.

आणि आपल्या जवळचं म्हणजे हैदराबाद. तिथं टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, बलून केंद्र आहे, हिवाळ्यात संशोधनाचे फुगे सोडतात, काम झालं की यंत्रांची पेटी रंगीत पॅराशूटनं खाली येते, कधी कुणाच्या शेतात पण. पेटी उघडू नका, पोलिसांना कळवा असं त्यांचं सांगणं असतं.

अक्कलकोटकडं मामांची शेती, हैदराबादच्याच बाजूला, म्हणून लगेच फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"पेटी देतो की सरकारला. पण ते प्लास्टिक ठिवून घेतलं तर चालतंय का? कडब्याच्या गंजीवर टाकायला."