वाचन उपक्रमांचा अभ्यास: माझा अनुभव, आणि दोन खात्यांची परवानगी

अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिली-दुसरी शालेय शिक्षण विभागाकडे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे. कार्यालयात मात्र त्याच्या दोन फायली होतात. लहान मुलांच्या वाचन उपक्रमांचा अभ्यास करताना माझं काम सर्वांत जास्त रखडलं ते इथेच, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

एकाच अर्जात '3 ते 8 वयोगट' लिहिलं की 'हा विषय आमच्याकडे नाही' म्हणून तो दुसरीकडे जातो, आणि तिथूनही परत येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन अर्ज करा. शाळांसाठी गटशिक्षणाधिकारी, एकाहून जास्त तालुके असतील तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). अंगणवाड्यांसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी. सोबत शाळांची यादी यूडायस क्रमांकांसह (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), अंगणवाड्यांची यादी वेगळी, चाचणीची मराठी प्रत, एका मुलाला लागणारा वेळ आणि पालकांच्या संमतीपत्राचा नमुना जोडा. फोटो किंवा आवाज नोंदवणार की नाही, तेही लिहा. नाहीतर फाईल याच एका प्रश्नासाठी थांबते. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. पाठपुरावा त्या क्रमांकानेच होतो, नाव सांगून कोणी फाईल शोधत नाही. परवानगीच्या पत्राची प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे) आणि मुख्यसेविकांना (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका) जाईल असं बघा. तोंडी होकारावर शाळेत जाऊ नका. मुख्याध्यापक पत्र मागतात आणि ते बरोबरच आहे. तारखा संकलित मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेच्या, आठवड्यात येऊ देऊ नका.

चाचणीसाठी 'असर'ची (मुलांचं वाचन-गणित तपासणारं देशव्यापी सर्वेक्षण) पद्धत सोपी आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. जमला तर गोष्ट, नाही तर शब्द. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की मूल शब्द पातळीवर. शब्द अडले तर अक्षरं. पण अंगणवाडीतल्या मुलांना ही चाचणी लावू नका. पुस्तक सुलट धरतं का, वाचताना बोट चित्रावर जातं की मजकुरावर, पुढे काय होईल ते सांगतं का, हे बघा.

पाठांतर ओळखायला हवं. ओळ तोंडातून संपलेली असते, बोट मात्र अजून तिच्या मध्यावर असतं. अशा वेळी चित्र झाका आणि मधलीच एक ओळ वाचायला सांगा.

उपक्रमांच्या अहवालात 'इतकी पुस्तकं वाटली' हा आकडा ठळक असतो. तो मला निरुपयोगी वाटतो. पुस्तकं मुलांच्या उंचीवर दोरीला टांगलेली आहेत की कपाटात? बहुतेकदा कपाटातच, कारण फाटलेल्या पुस्तकाचा हिशेब साठा नोंदवहीत शिक्षकांनाच द्यावा लागतो. फाटकी पुस्तकं चालतील असं लेखी सांगणारा उपक्रम मी वर ठेवेन. बाई रोज मोठ्याने वाचून दाखवतात का, किती मिनिटं, पुस्तक घरी जातं का, तेही विचारा. देवघेवीच्या वहीत एकाच मुलाने तेच पुस्तक पुन्हा नेल्याची नोंद दिसली तर ती जरूर टिपून घ्या. स्थानिक बोलीतल्या गोष्टी हव्या असतील तर स्टोरीवीव्हर या बालकथांच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी मुक्त परवान्याखाली भाषांतरित करून छापता येतात.

आणि परवानगीच्या पत्रावरची मुदत तपासा. ती मार्चअखेर संपत असेल तर जूनमध्ये त्याच मुलांची दुसरी फेरी घ्यायला नवं पत्र लागतं, तेही दोन्ही खात्यांचं.