तुम्ही विचारलंत म्हणून: आंबवलेलं तांदळाचं पाणी चेहऱ्याला लावू का?

कॉस्मेटिकच्या लॅबमध्ये काम करते म्हटलं की हळदीकुंकवात असो नाहीतर लोकलमध्ये, हा प्रश्न येतोच. कोरियन सीरमवर राइस फर्मेंट फिल्ट्रेट, म्हणजे तांदूळ आंबवून गाळलेलं पाणी, असं लिहिलेलं असतं, मग घरीच तांदळाचं धुवण दोन दिवस ठेवून लावलं तर तेच झालं ना? नाही हो, तेच नाही होत.

कंपनीत एखादं ठरावीक यीस्ट नाहीतर लॅक्टोबॅसिलस हा आंबवणारा जंतू निवडून वाढवतात, त्याचं काम झालं की ते गाळून काढतात, उरतं ते अमिनो अ‍ॅसिड, लॅक्टिक अ‍ॅसिड वगैरे असलेलं पाणी, मग त्याचा पीएच बघायचा, प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं, जंतूंची टेस्ट करायची, तेव्हा कुठे ते बाटलीत जातं. घरच्या वाटीत काय वाढलंय ते कोण बघणार? तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. इडलीचं पीठही आंबतंच, पण ते आपण वाफवून खातो, फुटलेल्या पिंपलवर नाही चोपडत.

आता आंबवलेल्या घटकांचा फायदा. आहे, खरंच आहे. सोयाबीन आंबवलं की त्यातल्या आयसोफ्लेव्होन नावाच्या द्रव्याला चिकटलेली साखर सुटते आणि रेणू लहान होतो, म्हणजे त्वचेत शिरायला सोपा. लॅक्टिक अ‍ॅसिड तर आपल्या त्वचेतही असतं, ते पाणी धरून ठेवतं, म्हणून चेहरा मऊ लागतो. साके ही जपानी तांदळाची दारू बनवताना जी कोजी बुरशी वापरतात तिच्यापासून कोजिक अ‍ॅसिड मिळतं, ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, कमी बनू देतं, पण जास्त झालं तर त्वचा चिडते, म्हणून युरोपात चेहऱ्याच्या क्रीममध्ये १ टक्क्याच्या वर चालत नाही. पण आठवड्यात डाग गायब, हे मला अजिबात पटत नाही. बरेचसे अभ्यास छोटे आणि त्यातले कितीतरी कंपन्यांनीच केलेले. ओलावा मिळेल, तेवढ्यासाठी जरूर घ्या. वांग असेल तर मात्र सीरमवर पैसे घालवत बसू नका, आधी स्किनच्या डॉक्टरकडे जा, आणि सनस्क्रीन कुठल्याही परिस्थितीत सोडू नका.

आंबवलेलं म्हणजे अ‍ॅलर्जी येणारच नाही असं काही नसतं हं. सोया, गहू सोसत नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, सुगंध घातलाय का तेही बघा, कारण खाज बऱ्याचदा त्यानेच सुटते. नवीन बाटली आणलीत की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावा, ७ ते १० दिवस, आणि लाल झालं, आग झाली तर लगेच धुऊन टाका, चेहऱ्यापर्यंत नेऊच नका.