गिलरेच्या गल्लीत: लंडनमध्ये जॉर्जियन व्यंगचित्रं कुठे आणि कशी पाहावीत

लंडनला जाऊन जॉर्जियन काळातली, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या अमलातली, व्यंगचित्रं पाहायची असतील, तर आधी एक लक्षात घ्या: ती भिंतींवर फारशी सापडत नाहीत. हातानं रंगवलेला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद उजेडात ठेवला की रंग उडतात, म्हणून संग्रहालयं हे छाप, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उमटवलेली चित्रं, खोक्यांत बंद ठेवतात आणि मागणी केली तर काढून देतात. आधी वेळ न ठरवता गेलात तर चार-दोन चित्रं पाहून परतावं लागेल. दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तेवढ्यानं समाधान होणं शक्य नव्हतं. त्यामुळे निघण्याआधी बरीच तयारी केली. ती इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून हे सविस्तर लिहितेय.

साधारण १७८० ते १८२० ही चाळीस वर्षं या कलेचा बहर. जेम्स गिलरे (१७५६–१८१५), थॉमस रोलँडसन (१७५७–१८२७), आयझॅक क्रुकशँक आणि त्याचा मुलगा जॉर्ज ही यातली मोठी नावं. राजा, राणी, युवराज, ड्यूक, डचेस, मंत्री, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. पण मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच: ही चित्रं विकत कोण घेत होतं? त्याचं उत्तर पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते लंडनच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर.

सुरुवात ब्रिटिश म्युझियमपासून करा. तिथल्या ९० क्रमांकाच्या दालनापाशी छापचित्रं आणि रेखाटनांचा अभ्यासकक्ष आहे. प्रवेश विनामूल्य आहे आणि अभ्यासकच असायला हवं अशी अट नाही, पण वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. घरी बसून संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्रं शोधा आणि प्रत्येकाचा संग्रह-क्रमांक लिहून ठेवा. गिलरेच्या अनेक छापांचे क्रमांक '१८६८,०८०८' असे सुरू होतात, कारण एडवर्ड हॉकिन्स या संग्राहकाचा मोठा साठा १८६८ साली संग्रहालयानं घेतला. नुसतं 'गिलरेची चित्रं दाखवा' असं लिहू नका. हजारोंच्या ढिगातून काय काढायचं हे त्यांनाही कळायला हवं. मोजकी चित्रं निवडा, कारण एकेका छापात अर्धा तास सहज जातो. ओळखपत्र न्या. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. भिंग जवळ असू द्या. फ्लॅशशिवाय फोटो काढायचे असतील तर तिथल्या माणसांना आधी विचारा. सोबत कुणी येणार असेल तर त्याचंही नाव आधी कळवा. म्युझियमच्या दारात तपासणीसाठी रांग असते, म्हणून ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी पोचा.

माझ्यासोबत भाचा होता, तो तिथेच शिकतो. टेबलावर पहिलं चित्र आलं ते गिलरेचं 'अ व्हॉलप्च्युअरी अंडर द हॉरर्स ऑफ डायजेशन', २ जुलै १७९२ चं. युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, जेवण उरकून खुर्चीत रेललाय आणि काट्यानं दात कोरतोय. चित्र स्क्रीनवर अनेकदा पाहिलं होतं, पण कागदावरचे त्याचे फुगलेले गाल, ठिपक्या-ठिपक्यांनी उठवलेली ती गुलाबी कातडी, हे काही वेगळंच होतं. भाचा भिंग घेऊन वाकला आणि म्हणाला, "मावशी, याच्या वेस्टकोटाचं एकच बटण लागलंय बघ!" खरंच, सगळं पोट त्या एका बटणावर तोललेलं. मग एकेक गोष्ट सापडत गेली. टेबलाखाली रिकाम्या बाटल्या. जमिनीवर फाशांचा डबा आणि न फेडलेल्या जुगाराच्या कर्जाचा हिशोब. मागे भरून वाहणारं मूत्रपात्र, आणि ते ठेवलंय खाटकाच्या, बेकरीवाल्याच्या न चुकवलेल्या बिलांवर. बाजूला औषधांच्या बाटल्या, त्यांवर कुठल्या दुखण्यासाठी ते बारीक अक्षरात. खिडकीतून दिसतात कार्लटन हाउस या त्याच्या महालाचे अर्धवट बांधलेले खांब. म्हणजे लोकांच्या पैशानं चाललेलं बांधकाम, तेही अपुरंच.

याची जोडी त्याच महिन्यात आली: 'टेंपरन्स एन्जॉइंग अ फ्रूगल मील'. ही दोन्ही एकत्रच मागा. दुसऱ्यात बाप आहे, तिसरा जॉर्ज. तो उकडलेलं अंडं खातोय. विजारीला ठिगळ, खुर्चीवर झिजू नये म्हणून खोळ, शेकोटीत विस्तवाऐवजी फुलं. राणी सॅलडचा बकाणा भरतेय. पोरगा उधळ्या म्हणून हसायचं आणि बाप चिक्कू म्हणूनही हसायचं, पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की हसू थांबतं. एका घरातली ही माणसं एका टेबलावर कधी बसत असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. गिलरेची ताकद मला इथे दिसते. तो माणसाला नुसता कुरूप करत नाही, त्याच्या भोवतालच्या वस्तूंना बोलायला लावतो.

तिसरं मागितलेलं चित्र आपल्या इतिहासाशी जोडलेलं होतं. ६ डिसेंबर १७९१ चं 'द कमिंग-ऑन ऑफ द मान्सून्स'. श्रीरंगपट्टणहून माघार घेणारा इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस आणि तटावरून त्याची शोभा करणारा टिपू. त्या वर्षीच्या मे महिन्यात पाऊस, रोगराई आणि उपासमार यांनी इंग्रजांची फौज टेकीला आली होती. कॉर्नवॉलिसला वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून मागे फिरावं लागलं. त्याच वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या, त्यांच्या बाजारातलं धान्य मिळालं, म्हणून ती फौज तगली. पटवर्धनांच्या बाजूनं ही हकिगत आपण वाचलेली असते. तीच लंडनच्या चित्रकाराच्या नजरेतून पाहताना कळतं की तिथल्या लोकांना काय बोचलं होतं: आपला लॉर्ड पळाला, एवढंच.

तंत्राबद्दल थोडं, कारण ते माहीत असलं तर पाहणं बदलतं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात रेषा ओढायच्या, मग पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे तांबं उघडं तिथे आम्ल खातं, त्या खाचेत शाई भरायची आणि ओला कागद दाबून छाप काढायचा. सगळी अक्षरं उलटी कोरावी लागत. गिलरेनं सुरुवातीला अक्षरं कोरण्याचंच काम शिकलं होतं आणि पुढे रॉयल अकादमीत रीतसर चित्रकला; दोन्ही शिक्षणं त्याच्या प्रत्येक छापात दिसतात. रंग मात्र छापानंतर हातानं भरत, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोट निळा आणि हिरवाही सापडतो. कागद तिरका धरलेला पाहिला की पत्र्याच्या कडेचा दाब स्पष्ट उमटलेला दिसतो.

आता रस्त्यावर या. ग्रीन पार्क स्टेशनला उतरून पिकाडिलीवरून दोन-तीन मिनिटं चाललं की उजवीकडे सेंट जेम्स स्ट्रीट उताराला लागते आणि थेट सेंट जेम्स राजवाड्यापाशी संपते. ही गल्ली वरून खाली चालत पाहा. डाव्या हाताला ३७ क्रमांकाला व्हाइट्स क्लब, टोरी पक्षाचा अड्डा. थोडं खाली २८ ला बूडल्स. समोरच्या बाजूला ६० ला ब्रूक्स, व्हिग पक्षाचा; त्या पक्षाचा नेता, सरकारचा कडवा विरोधक चार्ल्स जेम्स फॉक्स इथला. हेन्री हॉलंडनं बांधलेली ही इमारत, आणि युवराजाचं कार्लटन हाउस घडवणाराही तोच. बूडल्सला लागून २७ क्रमांकाला हॅना हम्फ्री या बाईंचं छापचित्रांचं दुकान होतं, १७९७ पासून. गिलरे त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचा.

ते दुकान आता नाही. त्या जागी १९६० च्या दशकात अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन यांनी बांधलेला चौक आणि बुरूजवजा इमारती आहेत. तरी तिथे जाच, आणि जाताना गिलरेचं १८०८ चं 'व्हेरी स्लिपी-वेदर' फोनवर उघडून ठेवा. त्यात हेच दुकान आहे: खिडकीच्या प्रत्येक तावदानात एक चित्र लावलेलं, बाहेर पाठमोरी गर्दी, दाराआत दोन गृहस्थ एक छाप न्याहाळताहेत, आणि पुढे बर्फावरून घसरून पडलेला म्हातारा हातातलं थर्मामीटर मात्र सोडत नाही. चौकात उभं राहून दोन्ही बाजूंना मान वळवली की माझ्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं. ज्यांची चित्रं त्या खिडकीत लागत, ते क्लबमधून निघून त्याच खिडकीपुढून जात, थांबत, आत येऊन स्वतःची चित्रं विकत घेत. साधा छाप शिलिंगभराला, रंगीत त्याहून महाग. मजुराला परवडेल अशी ही वस्तू नव्हती. गर्दी बाहेरून फुकट पाही, गिऱ्हाईक मात्र उमराव. पिकाडिलीवरचा फोर्स हा दुकानदार तर मेजवानीपुरते चित्रांचे गठ्ठे भाड्यानं देई. खुद्द युवराज विकत घ्यायचा आणि पुढे राजा झाल्यावर पैसे देऊन तोंडंही बंद करायचा: १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँकनं राजाचं अनीतीच्या प्रसंगातलं चित्र न काढण्याच्या वचनापोटी १०० पौंड घेतले. गिलरेलाही १७९७ पासून काही वर्षं सरकारकडून गुपचूप वर्षाला २०० पौंड मिळत. हे कळल्यावर त्याची त्या काळातली फॉक्सविरोधी चित्रं मी वेगळ्या नजरेनं पाहते. हात तोच, रेष तीच, पण निशाणा कोण ठरवत होतं हा प्रश्न उरतोच.

गल्लीच्या खालच्या टोकाला ३ क्रमांकाला बेरी ब्रदर्सचं जुनं वाइनचं दुकान आहे. तिथे १७६५ पासून गिऱ्हाइकांची वजनं करून वहीत नोंदवत. कवी बायरन आणि त्या काळचा नामांकित छानछोकीवाला ब्रमेल यांचीही नोंद आहे. लठ्ठ ड्यूकची चित्रं पाहून आलेल्या माणसानं इथे थांबावंच. क्लबांच्या आत मात्र सभासदांखेरीज प्रवेश नाही. तिथून पॉल मॉल धरून दहा मिनिटांवर कार्लटन हाउस टेरेस लागतं. युवराजाचं घर १८२० च्या दशकात पाडलं, त्याच जागी.

मग परत पिकाडिलीवर सेंट जेम्स चर्चला या. गिलरेला इथे पुरलंय. १८०६ नंतर त्याची नजर अधू होत गेली, पुढे मनाचा तोल गेला, १८११ च्या सुमारास त्यानं दुकानाच्या माळ्यावरून उडी मारायचा प्रयत्न केला. हॅना हम्फ्रींनी त्याला शेवटपर्यंत, १ जून १८१५ पर्यंत, सांभाळलं. इतिहासात या बाईंचं नाव छापाच्या तळाशी प्रकाशक म्हणून बारीक अक्षरात येतं, पण त्यांच्या धंद्याच्या जोरावरच गिलरे गिलरे झाला असं माझं ठाम मत आहे. चर्चच्या आवारात बाजार भरतो, बसायला बाकं आहेत. पाय दुखले असतील तर इथेच टेका.

पूर्वसूरी विल्यम होगार्थला वगळू नका. लिंकन्स इन फील्ड्समधल्या सर जॉन सोन संग्रहालयात 'अ रेक्स प्रोग्रेस'ची आठही मूळ तैलचित्रं आहेत. सोनच्या पत्नीनं ती १८०२ च्या लिलावात ५७० गिनींना घेतली. चित्रं बिजागरीच्या फळ्यांमागे आहेत, तिथला सेवक ठरावीक वेळानं त्या उघडतो, तेव्हा दालनातच थांबून राहा. प्रवेश विनामूल्य, सोमवार-मंगळवार बंद, जवळचं स्टेशन हॉबर्न. मोठी पिशवी नेऊ नका, आत जागा फार अरुंद आहे. उमराव घराण्याच्या सोयरिकीवरची 'मॅरेज अ-ला-मोड' ही सहा चित्रं नॅशनल गॅलरीत आहेत, तीही विनामूल्य. वेल्स स्ट्रीटवरच्या कार्टून म्युझियमला तिकीट आहे आणि संग्रह आजच्या काळापर्यंत येतो. जॉर्जियन किती मांडलंय ते प्रदर्शनावर अवलंबून, म्हणून आधी पाहून जा.

एखादा दिवस हाताशी असेल तर व्हिक्टोरिया स्टेशनहून तासाभरात ब्रायटन. युवराजाचा तिथला महाल पाहिला, त्याचं ताडाच्या झाडांसारख्या खांबांचं स्वयंपाकघर पाहिलं, की चित्रकारांनी अतिशयोक्ती किती कमी केली होती ते कळतं.

शाकाहारी असाल तर ब्रिटिश म्युझियमहून वीसेक मिनिटं चालत युस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट गाठा; तिथे आपल्याकडचं खाणं पोटभर मिळतं.

शेवटचं, विकत घेणाऱ्यांसाठी. गिलरेचे मूळ पत्रे पुढे हेन्री बॉन या प्रकाशकाच्या हाती गेले आणि १८५० च्या आसपास त्यानं त्यांवरून पुन्हा छाप काढले. लंडनच्या जुन्या छापांच्या दुकानांत हे बरेच दिसतात. ओळखायला सोपे आहेत: जाड कागद, बहुधा बिनरंगी, वरच्या कोपऱ्यात क्रमांक, आणि पुष्कळदा पाठीमागेही दुसरं चित्र छापलेलं. पत्रा गिलरेच्याच हातचा असल्यामुळे ते वाईट मुळीच नाहीत, आणि किंमतही बरीच कमी. पण त्यावर चढवलेला ताजा, भडक रंग दिसला तर तो नंतर कुणीतरी भरलेला असू शकतो. दुकानदाराला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: छाप हयातीतला की बॉनचा, रंग त्या काळचा की नंतरचा, आणि कडा कापल्या आहेत का. उत्तरं पावतीवर लिहून घ्या. कागद गुंडाळून आणू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या सामानातच आणा, आणि घरी आल्यावर चौकट कराल तेव्हा उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.