पूर्ण नाव

अंबाजोगाईत वैशाखातल्या दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, म्हणून पंख्याखाली बसून ऑब्जेक्टिव्ह-सी ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना कोड वाचत होतो. त्यातल्या व्यक्तीच्या क्लासला, म्हणजे व्यक्तीची माहिती ठेवणाऱ्या साच्याला, 'पूर्ण नाव' अशी एक प्रॉपर्टी, म्हणजे माहितीचा एक रकाना, होती. कुठेही साठवलेली नाही, मागाल तेव्हा तुकडे जोडून तयार होणारी. अशा नावावर ऑब्झर्व्हर, म्हणजे बदल झाला की वर्दी मिळणारा पहारेकरी, बसवला, तर आडनाव बदलले तरी त्याला पत्ता लागत नाही, कारण की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग ही ॲपलची पहाऱ्याची यंत्रणा आपणहून लक्ष ठेवते ते सेटरवर, म्हणजे नवी किंमत भरणाऱ्या मेथडवर, आणि ह्या नावाला सेटरच नसतो. ते कोणाकोणावर अवलंबून आहे, हे 'कीपाथ्स फॉर व्हॅल्यूज अफेक्टिंग' ह्या शब्दांना प्रॉपर्टीचे नाव जोडून लिहिलेल्या क्लास मेथडमधून सांगावे लागते. ही सोय मॅक ओएस १०.५ पासूनची, म्हणजे २००७ सालची. त्याआधीच्या मेथडचे नाव इतके लांब होते, की ते इथे लिहिण्याचा मोह आवरलेला बरा.

ॲपलच्या उदाहरणात नाव आणि आडनाव अशा दोनच गोष्टी आहेत. आपल्याकडे दोहोंत भागत नाही. धाकट्या आत्याच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले होते आणि नवरदेव अंगठीने त्यात अक्षरे कोरत होते. ती वाचण्यासाठी आम्ही पोरे एकमेकांच्या अंगावर रेललो होतो. नाव, मधले नाव, आडनाव, सगळेच नवे. आजीने पेढे वाटत "आता हिला सुनंदा म्हणा रे" असे बजावले आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत शकूच म्हणत राहिली.

कोडमध्ये हे तीन सेटर ओळीने चालवले, तर ऑब्झर्व्हरला पूर्ण नाव बदलल्याची वर्दी तीनदा जाते आणि पहिल्या दोन खेपांना त्याच्या हाती पडते ते अर्धे सासरचे, अर्धे माहेरचे नाव. एकाशी अनेकांचे नाते असेल, तर कोण कोणावर अवलंबून ते सांगण्याची ही सोय मुळी चालतच नाही. विभागाच्या एकूण पगारावर लक्ष ठेवायचे, तर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगारावर ऑब्झर्व्हर स्वतःच नेमावा लागतो. तो भाग मी वाचून सोडून दिला.

आत्याची वर्दी मात्र सातबाऱ्यापर्यंत कधी पोहोचलीच नाही. आजोबांच्या माघारी वारस म्हणून तिथे माहेरचे नाव लागले, आधार कार्डावर सासरचे. यंदा तिने दोन्ही नावांची बाई आपणच, असे प्रतिज्ञापत्र केले. शाळेत शिकलेल्या सहीची गरज तिला पुढे फारशी पडली नव्हती. तीच तिने ठसठशीत करून दिली, आणि सही जुन्या नावाची आहे म्हणून कागद परत आला.