खाजकुयली, खाजकोलती, निवडुंग: अंगाला लव लागली तर आधी काय करायचं

पावसाळा सरला की सोलापूरकडच्या ओढ्याकाठी आणि बांधावरच्या कुंपणात खाजकुयलीच्या शेंगा लोंबायला लागतात. पुढे त्या वाळतात आणि शाळू काढायला येतो तेव्हा नेमकी त्यांची लव सुटलेली असते. वाऱ्याची एक झुळूक पुरते. लव लागली की माणूस हातातला विळा टाकून हौदाकडे धावतो आणि अंग खसाखसा चोळतो. चूक तिथेच होते. काय लागलंय हे ओळखल्याशिवाय चोळू नका, कारण आपल्याकडे अंगाची आग करणाऱ्या झाडांची लव एकसारखी नाही आणि एकीचा उतारा दुसरीला चालत नाही.

खाजकुयलीची शेंग बोटाएवढी, दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेली, वर दाट सोनेरी-तपकिरी लव. शेंगेला हात लागायचीही गरज नाही, ही लव आपोआप झडते. ती कातडीत अर्धवट रुतते आणि तिच्यातलं म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर थेट चेतातंतूंना चेतवतं. ही खाज हिस्टामाइनमुळे, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनामुळे, उठत नाही. म्हणून ॲलर्जीची नेहमीची गोळी घेतली तर झोप येते, पण खाज फारशी हटत नाही. लव काढणं हाच खरा उपाय.

त्यासाठी आधी अंगातले कपडे उतरवा. सदरा डोक्यावरून ओढू नका, बटणं सोडून काढा, नाहीतर मानेवरची लव डोळ्यांत जाते. मग रुंद चिकटपट्टी कोरड्या कातडीवर दाबायची आणि सरळ उचलायची. दर वेळी नवा तुकडा घ्या. वापरलेला तुकडा परत लावला तर लव दुसरीकडे बसते. रानात चिकटपट्टी नसेल तर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचला, घासू नका. त्यानंतरच साबण आणि भरपूर वाहतं पाणी. अंगाला शेण लावायची रीत जुनी आहे आणि शेण वाळताना लव ओढून काढतं हे खरंही आहे, पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. कणीक तेच काम करते. डोळ्यात गेली तर चोळू नका, पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

कपडे मात्र बहुतेकजण विसरतात. नुसते झटकून दोरीवर टाकले की दुसऱ्या दिवशी घरातली पोरंसोरं खाजवत बसतात. ते वेगळे ठेवून उकळत्या पाण्यात घाला. उष्णतेने ते विकर निकामी होतं.

खाजकोलतीचं तसं नाही. ही बारीक वेल एरंडाच्या कुळातली, कातरलेल्या कडांच्या पानांची, तीन फुगीर कप्प्यांच्या फळाची. तिची लव वाऱ्यावर येत नाही, वेलीला अंग लागलं तरच चटका बसतो. प्रत्येक लवेत कॅल्शियम ऑक्झलेटचा एक सुईसारखा स्फटिक असतो आणि दाब पडला की तो कातडीत घुसतो. हिमालयातल्या बिच्छू घासाची रीत आणखी निराळी: तिच्या लवेचं सिलिकाचं टोक मोडतं आणि हिस्टामाइन, ॲसिटिलकोलीन असा रस आत टोचला जातो. खाजकोलतीचा चटका बसला तर चिकटपट्टी लावून उचला, गार पाण्याने धुवा आणि कॅलामाइन लावा. अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर दवाखाना गाठा.

फड्या निवडुंगाचे मोठे काटे दिसतात तरी, खरा त्रास त्यांच्या बुडाशी झुपक्याने असलेल्या केसाळ काट्यांचा. त्यांना उलटे दात असतात, त्यामुळे नुसत्या चिकटपट्टीने ते निम्मेही निघत नाहीत. उजेडात चिमट्याने दिसतील तेवढे काढा. उरलेल्यांवर शाळेतला पांढरा डिंक आणि त्यावर जाळीची पट्टी लावा, पूर्ण वाळू द्या, मग सोलून काढा. झटपट चिकटणारा गोंद अजिबात नको. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचं कुसळ कपड्यांत घुसून टोचत राहतं, पण ते एकेक उपटलं की झालं.

बांधावरची खाजकुयली काढायची तर शेंगा धरण्याआधी, भर पावसाळ्यात मुळासकट उपटा. शेंगा वाळल्या असतील तर पहाटे दव असताना जा, वरून पंपाने पाणी मारून लव भिजवा, वाऱ्याकडे पाठ ठेवा. सुती हातमोज्यांतून लव आरपार जाते, रबरी घ्या, अंगात रेनकोट घाला. काढलेला वेल खड्ड्यात पुरा, पेटवू नका. धगीबरोबर लव वर उडते आणि शेजारच्या वस्तीवर जाते. जमिनीत पडलेलं बी पुढच्या पावसात उगवतंच, तेव्हा तीन पानांचं रोप वीतभर असतानाच उपटून टाका.