पाण्यातलं झाड आणि आपला हात

दुपारी तीन-चारच्या सुमाराला माशांच्या टाकीतल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानांवर बारीक बुडबुडे धरतात आणि एकेक सुटून वर जातात. शाळेतलं चंचुपात्र आठवतंच: आत हायड्रिला, वर उलटं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी आणि बाईंनी टाकायला लावलेला चिमूटभर खायचा सोडा. सोडा कशाला, तर पाण्यात झाडाला कार्बन कमी पडतो म्हणून. दोन मार्कांचं उत्तर. परीक्षा झाली की विसरायचं.

विसरतातही. टाकी आली की पहिल्यांदा येतो तो झगझगीत एलईडी, आणि तो सकाळपासून पाहुणे जाईपर्यंत चालू. मग काचेवर हिरवा थर, पानांच्या कडांना काळ्या केसाळ शेवाळाची झालर. सहा-सात तास दिवा पुरे; साधा टायमर लावावा आणि टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

कार्बनसाठी दोन फुटी टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कशाला हवा? दोन लिटरच्या बाटलीत दोन कप साखर, पाव चमचा यीस्ट, दोन तृतीयांश कोमट पाणी, झाकणातून टाकीत जाणारी नळी. कोल्हापुरात इथं गुळाचा मोह होतोच. गुळानंही गॅस होतो, पण फेस फार चढतो. मधे एक रिकामी छोटी बाटली जोडली नाही तर तो आंबूस फेस थेट माशांच्या डोक्यावर. शिवाय ही बाटली रात्री बंद होत नाही, आणि अंधारात झाडंही ऑक्सिजनच घेतात. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर रात्रभर एअर पंप चालवायचा. एप्रिल-मेमध्ये तर हवाच, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

दगडाच्या बाबतीत आपण भाग्यवान. इथला काळा पाषाण पाण्याचं काही बिघडवत नाही. वाळूवर मात्र व्हिनेगरचे थेंब टाकून बघावे. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा चुना आहे, पाणी जड होणार. पन्हाळ्याकडचा लाल जांभा आपण घरांना वापरतो. युरोपातले हौशी लोक एकेकाळी जांभ्याचा चुरा मुद्दाम वाळूखाली घालत, मुळांना लोह मिळावं म्हणून. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजावं, लोह कमी पडतंय. जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली तर बहुधा पोटॅश.

लावणीत एकच गोष्ट लोक हमखास चुकवतात. अनुबियास आणि जावा फर्न या टाकीतल्या झाडांचा आडवा जाड कोंब वाळूत पुरतात. तो कुजतो. दोऱ्यानं दगडाला बांधायचा, बस्स. कुंडीतलं झाड असेल तर मुळाभोवतीचा तो कापसासारखा रॉकवूल आधी चिमट्यानं काढायचा.

आणि क्रिप्टोकोरीन ही पाणवनस्पती! लावल्यावर आठवड्यात तिची पानं साबुदाण्याच्या खिरीसारखी पारदर्शक, लिबलिबीत होतात. 'मेलं' म्हणून लोक उपटून टाकतात. मेलेलं काही नसतं. दुकानातली झाडं बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवलेली. ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यातली नवी काढतात. सडकी पानं तेवढी कापावी, मूळ तिथंच राहू द्यावं. तीन-चार आठवड्यांत कोंब येतो. पण तेवढा धीर कुणाला! मूळ धरलंय का, हे दर रविवारी उपटून बघणाऱ्यांनी प्लॅस्टिकची वेल आणावी. मला तिचा राग आहे, पण तिचे हाल तरी होत नाहीत.

हात घालायचाच तर पाणी बदलायला घालावा. आठवड्याला पाव टाकी. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेलं. हायड्रिला छाटायला तर हात लागणारच, एवढं ते वाढतं.

ती छाटणी मात्र 'जीव आहे त्यात' म्हणून रंकाळ्यात सोडू नये. रंकाळ्यावरचं, पंचगंगेतलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. जगभर ते फुलांच्या हौसेपायीच पोचलं. आपलं हायड्रिलाही 1950च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेलं आणि तिथले कालवे तुंबवून बसलं. छाटलेलं गच्चीत कडकडीत वाळवायचं आणि चुरून कुंडीत घालायचं. जास्वंदीला चांगलं मानवतं.